चांदबिबीच्या महालावरून थ्री बाय टू

बाई,

काल सकाळी अंगणात खुर्ची टाकून मी हातातल्या रेडिओवरून न्यूझीलंडमधल्या एका म्हाताऱ्याशी बोललो. तो मेंढ्या पाळतो, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि त्याच्याकडे पाऊस होता. माझी हँडी तुमच्या त्या हँडीएवढीच आहे, वजनाला जरा हलकी. फरक एवढाच की आता आपला आवाज आवाज म्हणून जातच नाही. आत त्याचे आकडे होतात, ते आकडे घरातल्या एका छोट्या डबीत जातात, डबीतून इंटरनेटवर, आणि तिकडच्या माणसाच्या हातात गेल्यावर त्या आकड्यांचा पुन्हा आवाज केला जातो. याला डिजिटल व्हॉइस म्हणतात. खरखर नाही, चढउतार नाही. आला तर स्वच्छ येतो, बिघडला तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा होतो, आणि नाही आला तर मुळीच येत नाही. म्हातारा म्हणाला, फाईव्ह नाईन. मीही म्हणालो, फाईव्ह नाईन. सेट बंद केला तेव्हा तुम्ही असता तर पहिल्यांदा काय विचारलं असतं ते मला माहीत होतं. ‘मधे कोण कोण होतं?’ मधे पुष्कळ जण होते, बाई. तारा होत्या, समुद्राखालच्या केबली होत्या, कुठल्या कुठल्या देशांतले संगणक होते. तुमच्या हिशोबात हा संपर्क बसला असता की नाही, याचा विचार करत मी चहा गार केला.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो बातमीसाठी. नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं, मी श्रीरामपुरात एका दैनिकाचा बातमीदार होतो, आणि कोणीतरी सांगितलं होतं की मुलींच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई घरात बसून परदेशाशी बोलतात. तुम्ही मला थेट स्वयंपाकघरात नेलं. ओट्याच्या शेवटी, गॅस आणि पिण्याच्या पाण्याच्या पिंपाच्या मधे, तुमचा सेट आहे. तुम्ही स्वतः जुळवलेला, वर झाकणसुद्धा नसलेला, फक्त मोर्स पाठवणारा. एरियलची तार खिडकीच्या गजातून बाहेर जाऊन परसातल्या शेवग्याला बांधली आहे, म्हणून सेट तिथे. काका, म्हणजे तुमचे यजमान, साखर कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले, दारात वर्तमानपत्र घेऊन बसले आहेत. ते मला म्हणतात, “पेपरवाले, आमच्या घरात कुकर आनि रेडिओ दोनी शिट्ट्या मारत्यात. भात कशात शिजला ते कळत न्हाई.” तुम्ही डाव्या हाताने कांदा परतताय आणि उजव्या हाताने मोर्सची की चालवताय, आणि न वळता म्हणता, “त्यांना सांगा, करपला कधी नाही.”

बातमी छापून आली ती ‘स्वयंपाकघरातून जगाशी संवाद’ या मथळ्याखाली. दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेच्या फाटकाशी मला थांबवलंत. रागावला नव्हतात, पण वही तपासून परत देताना शिक्षकांच्या चेहऱ्यावर जे असतं ते होतं. “जगाशी? त्या दिवशी तुमच्यासमोर मी एका बाईशी बोलले. वाईच्या. तेवढंच लिहायचं.” मी म्हणालो, वाचकांना वाई काय विशेष वाटणार? तुम्ही म्हणालात, “ते वाटायला लावणं तुमचं काम. आहे त्याहून मोठं करून सांगणं हे सगळ्यांनाच येतं.” पुढे इतकी वर्षं बातम्या लिहिल्या, संपादनही केलं, पण मथळा देताना ते फाटक अजून आडवं येतं.

मग तुम्हीच मला ते फाईव्ह नाईनचं सांगितलंत. संपर्क झाला की एकमेकांना आकडे द्यायचे. पहिला आकडा पाचपैकी, किती समजलं त्याचा. दुसरा नऊपैकी, आवाज किती जोरात पोचला त्याचा. हे झालं, दोघांनी एकमेकांचे आकडे ऐकले, की संपर्क पुरा. पण लोक शिष्टाचार म्हणून प्रत्येकाला फाईव्ह नाईन देतात आणि लगेच विचारतात, नाव पुन्हा सांगा, ऐकू आलं नाही. तुम्हाला याचं हसू यायचं. “पेपर कोरा आणि मार्क पैकीच्या पैकी,” तुम्ही म्हणायचात. तुमच्याकडून फाईव्ह नाईन मिळालेला माणूस मी पाहिला नाही. लोक कुरकुर करायचे, आणि तरी तुमच्याच आकड्यावर एरियल फिरवून बघायचे, कारण खरं कळायचं ते तिथेच.

वाईच्या त्या बाई तारखात्यात होत्या. तुमची दोघींची भेट रोज सकाळी, शाळेच्या आधी, मोर्सवर. कित्येक वर्षांची. तिच्या मुलाचं लग्न, तुमच्या सासूबाईंचं आजारपण, सगळं टिंब आणि रेघांत झालेलं. तिचा हात तुम्ही पहिल्या अक्षराला ओळखायचात. आज तिची झोप झाली नाही हेही सांगायचात. पण तिचा आवाज तुम्ही ऐकला नव्हता, आणि तिने तुमचा. तुमच्या दोघींच्या घरगुती सेटवर बोलायची सोयच नव्हती. मी विचारलं, एसटीडी बूथ आहे की समोर. तुम्ही म्हणालात, तिचं माझं ठरलंय, पहिल्यांदा बोलू ते हवेवर, हातातल्या सेटवरून, मधे रिपीटरसुद्धा नाही. रिपीटर म्हणजे डोंगरावरचं ते यंत्र, जे तुमचं ऐकून तेच पुढे जोरात पाठवतं. तेही तुम्हाला नको होतं. “मी बोलले की तिला ऐकू यावं. बस.” घाई नव्हती तुम्हा दोघींना. कधीतरी, असं ते होतं.

घाई झाली ती घशामुळे. वर्गात बोलताना आवाज बसायला लागला, खडूची धूळ म्हणून तुम्ही दुर्लक्ष केलंत, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठ दाखवली. ऑपरेशनची तारीख दिली. बोलता येईल, म्हणाले, पण हाच आवाज राहील असं नाही. हे तुम्ही मला डाळ निवडता निवडता सांगितलंत, आणि त्याच सुरात पुढे म्हणालात की पुण्याच्या एका हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मित्राने दोन हँडी उसन्या दिल्यात, एक वाईला पोचलीय, आणि तारखेच्या आधी दोन रविवार आहेत. ती एसटीने पाचगणीच्या टेबललँडवर जाणार. तुम्ही नगरला चांदबिबीच्या महालावर. हातात मावणाऱ्या सेटला एवढं अंतर म्हणजे फार झालं, पण मधे उंच डोंगर नाही आणि दोन्ही जागा उंच आहेत, तुम्ही नकाशावर दोरी ताणून पाहिलं होतं. काका म्हणाले, “घसा दुखतोय आनि हिला डोंगरावर जाऊन वरडायचंय.” मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुमी जावा संगं. माझ्याच्यानं तिथं बघवनार न्हाई.”

पहिल्या रविवारी तुम्ही चर्चच्या पाळकांना सांगून उपासना चुकवलीत. आपण राहुरीवरून एसटीने नगरला, तिथून रिक्षाने वर. पडद्याच्या दांड्यांचं तुम्ही केलेलं छोटं एरियल मी पिशवीत उभं धरलेलं, रिक्षावाल्याला वाटलं आपण टीव्ही दुरुस्त करायला चाललोय. महालाच्या वरच्या मजल्यावर, नैर्ऋत्येच्या कमानीत तुम्ही बसलात, ठरल्या वेळी सेट लावलात, आणि ऐकत राहिलात. मी एरियल धरून. खाली भिंगार, दूर नगरचा किल्ला झाडांत बुडालेला, सेटमधून नुसती खरखर. अर्धा तास गेला, तास गेला. तुम्ही एकदाही बटण दाबलं नाही. दुपारी तुम्ही एरियल उतरवलंत आणि म्हणालात, “डोंगर आडवा येत असेल कुठेतरी.” परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात, आणि तुम्ही रडाल की काय अशी मला भीती वाटत होती.

संध्याकाळी मोर्सवर तिची गाठ पडली. तुम्ही लिहून घेत होतात आणि अचानक की सोडून हसायला लागलात, खोकला येईपर्यंत. काका धावत आले. तिने विचारलं होतं, मी तासभर ऐकत होते, तू बोलावलं का नाहीस? तुम्ही दोघी जुन्या वळणाच्या. आधी ऐकायचं, दुसऱ्याला वाट द्यायची, मग बटण दाबायचं. दोघींनी एकमेकींना वाट दिली होती, सबंध सकाळभर. काका म्हणाले, “दोन मास्तरनी एका वर्गात घातल्या तर असंच व्हनार. पोरंच पळून जातील.” तुम्ही कळवलंत, पुढच्या वेळी मी बोलावते, तू उद्धट हो आणि मधेच बोल.

दुसरा रविवार शेवटचा. मंगळवारी तुम्हाला पुण्याला दाखल व्हायचं होतं. महालावर कॉलेजच्या पोरांची टोळी होती, टेपरेकॉर्डर मोठ्याने लावलेला. तुमच्या हातातली हँडी बघून एक जण आला. “काकू, मॅच लागली का? स्कोर किती झाला?” तुम्ही म्हणालात, “शून्य आहे. तो टेप बंद केलात तर होईल काहीतरी.” त्यांनी बंद केला. बाईंसमोर बसतात तसे तुमच्या भोवती उकिडवे बसले. तुम्ही बोलावलंत. तुमचा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची सांकेतिक अक्षरं, तिचा कॉलसाइन, मग बटण सोडून कान. पुन्हा. पुन्हा. आणि खरखरीच्या खालून, विहिरीच्या तळातून यावा तसा, एका बाईचा आवाज आला. तुम्ही डोळे मिटलेत. तिच्या बोलण्याचा अर्थ लागला तो असा, की तू आहेस हे कळतंय, शब्द कळत नाहीत.

तुम्ही जोर लावलात. घसा फाटला, आवाज मधेच तुटला. पलीकडून पुन्हा तेच, नाही कळत. माझ्या मनात आलं, तुम्ही तोंडाने शीळ घालून मोर्स पाठवली तर ती क्षणात समजेल, आणि मी तसं म्हणालोही. तुम्ही मान हलवलीत. टिंब-रेघा तिच्याकडे हव्या तेवढ्या होत्या. मघाचा पोरगा म्हणाला, “काकू, मी बोलू का? माजा आवाज लई मोठा हाय.” तुम्ही त्याच्याकडे वळलात, त्या अवस्थेतही तुमच्यातली मास्तरीण जागी झाली. “ओरडल्यानं रेडिओ लांब जात नाही रे बाळा. उलट फाटतो. आणि तुझ्याकडे परवाना नाही.” हे त्याला सांगितलंत आणि थांबलात, जणू स्वतःचं वाक्य आता तुम्हालाच ऐकू आलं. मग सेट तोंडापासून जरा लांब धरलात. मला एरियल बोटभर डावीकडे फिरवायला सांगितलंत. आणि आवाज खाली आणलात, तान्ह्या मुलाजवळ बोलतात तितका. एक शब्द. श्वास. पुढचा शब्द.

“आलीस,” ती म्हणाली. “आता आलीस. थ्री बाय टू.”

पाचपैकी तीन. नऊपैकी दोन. मरायला टेकलेल्या सिग्नलचे मार्क. दुसऱ्या कोणी त्या वेळी, त्या परिस्थितीत, फाईव्ह नाईन दिले असते, आणि देणाऱ्याला पुण्यही वाटलं असतं. तिने दिले नाहीत. तुमचा चेहरा असा उजळला की पोरांनी टाळ्या वाजवल्या, तुम्ही हाताने त्यांना गप्प केलंत. तुम्ही तिला फोर बाय टू दिलेत, कारण तिचे शब्द जरा जास्त कळत होते. मग ती म्हणाली, “मला वाटलं होतं तू बारीक आवाजाची असशील. तुझा हात किती हलका.” तुम्ही म्हणालात, “आणि तू माझ्या सासूसारखी बोलतेस.” हसणं इकडून तिकडे पोचलं असेल की नाही कोण जाणे. खरखर वाढायला लागली होती. तुम्ही सावकाश म्हणालात, “ऐकून ठेव.” ती म्हणाली, “ऐकलं. ठेवलं.” आणि गेली. तुम्ही आणखी दोनदा बोलावलंत, मग सेट बंद करून मांडीवर ठेवलात. तो पोरगा हळूच म्हणाला, “काकू, ती कोन तुमची?” तुम्ही म्हणालात, “ते आत्ता कळलं मला.”

ऑपरेशन झालं. आवाज गेला असं नाही, पण उरली ती कुजबुज. बरं वाटायला लागल्यावर आठवड्यातच तुम्ही पुन्हा ओट्याशी होतात, मोर्सची की तीच, हात तोच. वर्गात तुम्ही इतकं हळू बोलायचात की मुली श्वास रोखून ऐकायच्या, आणि मुख्याध्यापिका म्हणायच्या, शाळेत एवढी शांतता फक्त तुमच्याच तासाला असते. कुणी कणव दाखवली की तुम्ही तोंडभर हसून म्हणायचात, आमचा संपर्क पुरा झालाय. दशक संपायच्या आत तुम्ही गेलात. मला परवान्याच्या परीक्षेला बसवायचं तुमच्या मनात होतं, ते मी फार उशिरा केलं. पण परवाना आता आहे, आणि आकडे मी खरे देतो. डिजिटलवर ते देण्यात फारसा अर्थ नसतो, तरी देतो. म्हाताऱ्याच्या बाबतीत काल सवयीने चुकलो, तेवढं सोडा.

वाईच्या बाई अजून आहेत. ऐंशी ओलांडली. कीवर हात कापतो म्हणून नातवाने त्यांना डिजिटल हँडी आणून दिली आहे, आणि रविवारी सकाळी आमची भेट होते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही. त्या दिवशीचं सगळं एकदा नीट उतरवून ठेवावं म्हणून बसलो, आणि शब्द आले, एकूण एक आले. आवाज मात्र येत नाही, बाई. पुढची काही वर्षं मी तुमची कुजबुजच ऐकली आणि ती मागच्या सगळ्यावर बसली. फाटकाशी तुम्ही मला सुनावता ते कुजबुजून, पोराला दटावता तेही कुजबुजून. महालावर मी तुमच्या शेजारी होतो, हातात एरियल धरून, आणि तरी तो आवाज माझ्याकडे नाही. परवाच्या रविवारी मी त्यांना विचारणार होतो, तुम्हाला आठवतो का हो, कसा होता? बटण दाबलं, आणि वाईला पाऊस आहे का ते विचारलं.