सुग्रीवचा चिनार

१४ नोव्हेंबर २०२५

साहेबांना आज पुन्हा कळशी भरून पाणी. मी वाहायचं, आत्याबाईंनी मागून ओरडायचं — "हळू ओत. मुळं उघडी पडतेत."

साहेब म्हणजे चिनारचं झाड, छातीइतकं. नवऱ्याच्या राखेवर लावलेलं. सुग्रीवचा फौजेतला ट्रक काश्मीरात दरीत गेला. आमच्याकडे हल्ली राख नदीत सोडत नाहीत, शेतात पुरून वर झाड लावतात. लोक आंबा लावतात, चिंच लावतात. पण मृगाच्या तोंडावर त्याच्या पलटणीतला कल्याण तिकडून हे रोप घेऊन आला आणि आत्याबाई, म्हणजे माझी सासू, त्यालाच कवटाळून बसल्या. त्याला हिरवी जाळी, त्याला ओला बारदाना. मला साधं स्वेटर नाही.

१९ नोव्हेंबर

माझा भाऊ देवानंददादा बदनापूरहून आला, माझ्यासाठी स्थळ घेऊन. सोमेश्वर. शहरात, मस्तगड भागात भांड्यांचं दुकान, बायको वारलेली. एकदा पाहिलंय मी त्याला. आधी माझ्या कपात चहा ओतला, मग स्वतःच्या. सुग्रीवने एवढंही कधी केलं नाही. संक्रांतीपर्यंत थांबतो म्हणालाय.

आत्याबाई पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं नाही. "झाड हिरवं हाय तवर माझा लेक हाय. लेक हाय तवर ही त्याची बायको. फुडचं बोलू नको, देवानंद."

दादा चहा न घेताच गेला.

२ डिसेंबर

मरत का नाही हे झाड.

११ डिसेंबर

पानं लाल व्हायला लागली! गावातल्या बायका येऊन बघून जातात. कुणीतरी म्हणालं, रक्त उतरलं पोराचं. आत्याबाई जेवल्या नाहीत. मी दोन भाकरी खाल्ल्या, वर ठेचा.

२० डिसेंबर

निम्मी पानं खाली. आत्याबाई एकेक वेचून पदरात घेतात. "पाणी कमी घातलं का गं?"

"न्हाई, आत्याबाई."

खरंच नाही घातलं कमी. मला ठाऊक आहे काय चाललंय ते. सुग्रीवने तिकडून फोटो पाठवला होता — बर्फात उभा बोडका चिनार. खाली लिहिलेलं, हे मेलं नाही, झोपलंय, उन्हाळा लागला की पालवतं. फोटो अजून मोबाइलात आहे. दाखवला तर म्हातारीचा जीव भांड्यात पडेल.

नाही दाखवणार. माझ्या बांगड्या स्वतःच्या हाताने फोडल्या तिने. तेव्हा कुणाला दया आली होती?

२९ डिसेंबर

एकही पान उरलं नाही. आत्याबाई पलीकडे मेथी खुडत होत्या, तेवढ्यात मी नखाने साल खरवडली. आत हिरवंगार. ओलं. वर माती चोळली.

मग घरी येऊन रडले, तिला दाखवायला. बरं जमलं.

३ जानेवारी

आत्याबाई खोडाला गाल लावून बसल्या होत्या. "थंडी वाजून राह्यली का रे, सुग्रीव?" स्वतःची घोंगडी काढून त्याला गुंडाळली. मोतीबिंदू झालाय, चाचपत चाचपत. मला हसू आलं. मग हसू आलं म्हणून रागही तिचाच आला.

८ जानेवारी

आज चुलीपुढे सरळ विचारलं तिने. "रेणू, तुला काय वाटतं? मेलं का गं ते?"

मी भाकरी थापत होते. हात थांबवला नाही. "मेलं, आत्याबाई."

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "बराबर."

१० जानेवारी

कुदळ तिनेच घेतली. कुणाला हात लावू दिला नाही. मुळं पांढरी निघाली, जिवंत, राखेची ढेकळं धरून. घरी आणून चुलीत घातलं. पेटेना. ओलं लाकूड, नुसता धूर. मी फुंकणी घेऊन फुंकत बसले, डोळ्यांतून पाणी, आणि मनात मस्तगड.

"देवानंदला बोलाव," म्हणाली.

सुटले!

१३ जानेवारी

दादाची गाडी दारात उभी होती. आत्याबाईंनी मला कुंकू लावलं, बांगड्या भरल्या, ओटी भरली. मी पाया पडायला वाकले. वरून हळूच म्हणाली, दादाला ऐकू जाणार नाही असं —

"सुग्रीव दर थंडीत फोनवर सांगायचा, आई, हितली झाडं झोपली म्हणून. घोंगडी गुंडाळताना खोडावरचा तुझ्या नखाचा ओरखडा लागल्ता हाताला. एकदा तरी खरं बोलशील म्हणून इचारलं. न्हाई बोललीस. त्याच्या नावाचा इतका वीट आला असंल, तर कशाला बांधून ठिवू तुला? म्हणून माझ्या हातानं उपटलं. आता जा. पुन्हा हिकडं येऊ नको."

मी तिच्या पायांशीच होते. उठता येईना.