गयेला जाणाऱ्या गाडीची वायरिंग

२० एप्रिल २०२५
चाकांवरचं घर तयार. जुनी ट्रॅव्हलर घेऊन आत बेड, गॅस, फ्रिज, पंखा, छतावर सोलर. वायरिंग माझी. बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवल्यावर मेकॅनिक कशाला? खालच्या लोखंडी सांगाड्याला, चेसिसलाही स्वतःच निळा ऑइलपेंट मारला. दोन हात.
बुद्धपौर्णिमेला सरिताला बोधगया दाखवायची. लग्न झाल्यापासून म्हणते आहे.
संकल्प: ९ मे, सकाळी सहाला प्रस्थान. सहा म्हणजे सहा.

२३ एप्रिल
दिवा लागतो. पंखा लावला की इन्व्हर्टर बीप करून बंद. निदान: बॅटरी. सरिता म्हणाली, कोणाले तरी दाखवा. मी म्हणालो, दाखवायला हा काय गुडघा आहे?

२६ एप्रिल
दुकानदाराने बॅटरी तपासून परत दिली. ठणठणीत आहे म्हणे. दुकानदार बी.कॉम. आहे.
नवं निदान: वर्ध्याचं ऊन सोलरला झेपत नाही. पॅनेलवर ओलं गोणपाट टाकलं.
दुपारी ३. चार्जिंग शून्य. गोणपाट काढलं.

१ मे
इन्व्हर्टर बदलला. नवा जास्त मोठ्याने बीप करतो. क्वालिटी कळते.

४ मे
फ्रिजमधलं दही फसफसलं. सरिता म्हणाली, हे तं कपाट झालं. दुर्लक्ष केलं.
मग हळूच विचारलं तिने, खरंच जाऊन राह्यलो का आपण? शंभर टक्के, म्हणालो. शेजारच्या प्रमिलाबाई महिला मंडळासोबत ट्रेनने गयेला चालल्यात, एक तिकीट उरलं आहे, असंही ती म्हणाली. सर्वसाधारण माहिती म्हणून ऐकून घेतलं.

८ मे
मुळाशी जायचं ठरवलं. सगळ्या वायरी काढल्या. कोणती कुठली ते फक्त मलाच माहीत होतं. आता मलाही नाही. प्रस्थान एक दिवस पुढे.

९ मे
सरिता प्रमिलाबाईंसोबत गेली. बॅग कधी भरली, कळलं नाही. स्टेशनवर सोडतो म्हणालो, तर म्हणाली, राहू द्या, ट्रेन कोणासाठी थांबत नाई.
घर शांत. एकाग्रतेसाठी उत्तम. जेवलो नाही. भूक नव्हती, असं लिहून ठेवतो.

१२ मे, बुद्धपौर्णिमा
आर्वी नाक्यावरचा ऑटो-इलेक्ट्रिशियन कैलास सहज आला. (तीन फोन केले होते.) अकरावीत याला मी फिजिक्समध्ये दोनदा नापास केलं आहे.
सकाळभर बसून त्याने वायरी जोडल्या. पंखा लावला. बीप. मग मीटरचं एक टोक बॅटरीला, दुसरं चेसिसला लावून तो गाडीखाली शिरला. अर्थिंगचा बोल्ट खोलला, कानशीने पेंट खरवडला, बोल्ट परत कसला. सात मिनिटं. पंखा, फ्रिज, दिवे, सगळं सुरू.
म्हणाला, सर, पेंटावर अर्थिंग कसलं तुमी. पेंटातून करंट जात नाई, तुमीच तं शिकवलं होतं.
विद्यार्थ्याचं यश शेवटी शिक्षकाचंच.
संध्याकाळी सरिताचा फोन. बोधिवृक्षाखाली बसली होती. म्हणाली, तुमी असते तं बरं झालं असतं.
 फोन पंख्याजवळ नेऊन आवाज ऐकवला.

१६ मे, सायंकाळी ६
सरिताला आणायला गाडी स्टेशनवर नेली. सगळे दिवे लावून. फ्रिजमधलं पाणी दिलं. थंड आहे, म्हणाली. लेखी नसलं तरी सर्टिफिकेटच.
अर्ध्या रस्त्यात गाडी थांबली. बोनेट उघडण्याआधीच निदान केलं: अल्टरनेटर. सरिताने काट्याकडे बोट दाखवलं. डिझेल.
ती ऑटोने घरी गेली. जेवण झाकून ठेवते म्हणाली.

सायंकाळी ७
रस्त्याच्या कडेला आहे. विजेच्या दृष्टीने प्रवास पूर्ण यशस्वी. इतके दिवे पाहून लोक थांबतात आणि चहा आहे का विचारतात. दोघांना खडसावून सांगितलं, हे मोटरहोम आहे.
तिसऱ्याला करून दिला. साखर कमी पडली म्हणे.