गुळाच्या खड्यातली गोळी

मी, जोतीराम गेणू मारकड, वय वर्षे बहात्तर, धंदा शेती, राहणार कळस, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, उद्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी बारामतीला भरती होत आहे. त्याआधी पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही धाकाविना हे मृत्युपत्र करीत आहे. धाक कोणाचा नाही, भीती मात्र आहे. अक्षर वाकडे आले आहे ते तिच्यामुळे.

कलम १. राहते घर सून स्वरूपा हिच्या नावे. चूल तिने सांभाळली, भिंतीही तिच्याच. ओढ्याकडची जमीन मुलगा युवराज याला.

कलम २. मेंढरे गेली, पण कातर आणि घोंगडे ठेवले आहे. ते नात योगिनी हिला. कातर ती मोठी झाल्यावरच हाती द्यावी.

कलम ३. चुलतभाऊ दादासो दरसाल आमचा बांध कोरत आला. कोरलेले त्याला लखलाभ. माझ्या मयतीला मात्र त्याने पुढे बसून गळा काढू नये.

कलम ४. आता ज्यासाठी हा कागद केला ते. योगिनीला फिट येते. गोळी एक दिवसही चुकवू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. पुढे युवराज लोणी देवकरच्या कारखान्यातल्या मित्राबरोबर प्रार्थनेला जाऊ लागला. मीही गेलो. येशूने आजारी माणसे बरी केली, त्या गोष्टी मी मनापासून मानतो. पण तिथे प्रार्थना सांगणाऱ्याने ठरवून टाकले की गोळी घेणाऱ्याचा विश्वास कच्चा. झाले! युवराजने पोरीच्या गोळ्या पळसदेवला नेल्या आणि गणपती सोडावा तशा हात जोडून उजनीच्या पाण्यात सोडल्या.

त्यानंतर फिट आली नाही. युवराजने सगळ्यांपुढे उभे राहून साक्ष दिली, "माझी पोरगी विश्वासानं बरी झाली!" लोक रडले. मीही टाळ्या वाजवल्या, पण भीतीने माझा सदरा भिजला होता. कारण गोळी बंद झालीच नव्हती. माझ्या औषधांच्या पिशवीतून मी ती आणतो आणि रोज संध्याकाळी गुळाच्या खड्यात दडपून पोरीला देतो.

उद्या मी टेबलावरून उठलो नाही, तर गोळी थांबेल. फिट येईल. आणि आजारी पोरीलाच सगळे म्हणतील, तुझा विश्वास कमी पडला. मरणाची भीती वाटते, पण याची त्याहून जास्त वाटते.

कलम ५. युवराज, नीट ऐक. लुळ्या माणसाला चौघांनी छप्पर उघडून येशूपुढे खाली सोडले. येशूने पाहिला तो त्या चौघांचा विश्वास. याईराची पोरगी तर मेलेली, ती विश्वास कुठून आणणार? येशूकडे धावला तिचा बाप. ती उठल्यावर येशूने तिला खायला द्यायला सांगितले, तेव्हा बापाने ताट पाण्यात नाही सोडले. आपण मेंढकं. लंगडे मेंढरू आपण खांद्यावर घेतो, त्याला विश्वास विचारत नाही.

कलम ६. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. तोवर गोळी चुकेल. म्हणून हे आजच, मी जिवंत असताना, शेजारच्या सारजाबाईंनी घरच्यांपुढे मोठ्याने वाचावे.

वाचनानंतरची नोंद. युवराज उसळला. "तात्या, चारचौघांत साक्ष दिलीया म्या! आता काय तोंड दावू?"

"त्यांना काय दावायचं ते दाव. पोरीला गोळी दे."

तो भिंतीकडे तोंड करून बसला. मला वाटले, संपले. तेव्हा योगिनी म्हणाली, "आबा, गुळात कडू असतं, ते मला ठावं हाय."

"मग खाल्लास कशाला गं?"

"तुमी देताय म्हणून."

 मग युवराज उठला. त्याने गूळ फोडला आणि माझ्या पिशवीतली गोळी आत दडपली.  योगिनीने क्षणभर बापाकडे पाहिले आणि तोंड उघडले.

एवढे पाहून मी खाली सही करीत आहे.

जोतीराम गेणू मारकड

साक्षीदार: सारजाबाई, शेजारीण (सही)
भिमा, मेंढरांमागचा जुना सोबती (डाव्या हाताचा अंगठा)

कळस, ९ फेब्रुवारी २०२५