पंपघरातले एकेचाळीस दिवस

दि. ११, गुरुवार

चि. नानूस आईचे आशीर्वाद. मी ठीक आहे. तू आणि तुझी लेक मुंगी बरे असा, आणि तिकडे गावोगाव फिरणारी सूनबाईही.

त्या दिवशी सकाळी तुझ्या बाबांनी आधी दुधाच्या बाटल्या उकळायला ठेवल्या. मग तुला कडेवर घेऊन एका हाताने तांदूळ धुतले. तुझी दुपटी दोरीवर टाकायची वेळ आली तेव्हा प्रत्येक दुपट्याला तू "टा" म्हणायचास, आणि तू म्हटल्याशिवाय ते पुढचं टाकायचे नाहीत. अकरा दुपटी होती, मी दारात उभी राहून मोजली. नंतर स्टुलावर बसवून तुझी नखं कापली. माझ्याकडून नखं कापताना तू घर डोक्यावर घ्यायचास. त्यांच्याकडे गप्प बसलास, कारण ते प्रत्येक नखाला विचारत होते, "हे कुणाचं?" आणि तू सांगत होतास, "काऊचं." मग भाताचा डबा पिशवीत, बाटली पिशवीत, तू खांद्यावर, आणि स्वारी कामाला निघाली.

सुरुवात अशी करायची नव्हती. खुशाली, हवापाणी, मग बाकीचं, असं ठरवून बसले होते. पण पेन उचललं की गेले चार दिवस हेच येतंय, म्हणून येऊ दिलं.

रविवारी तू मला तिकडे मदतीला बोलावलंस, तर म्हटलं, गुडघा दुखतो म्हणून येत नाही. गुडघा दुखतो हे खरं. पण तो पाच वर्षं दुखतोय, आणि त्याच गुडघ्याने मी एक दिवसाआड वाचनालयाचे दोन जिने चढते. नळवाला यायचाय असंही म्हटलं. तो आदल्या मंगळवारीच येऊन गेला होता. तू "बरं" म्हणालास. एवढं थकलेलं "बरं" मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. मागे मुंगीचं रडणं चालू होतं, तू मध्येच "अगं ते तोंडात नको, नको ना राणी" म्हणत होतास. अशा वेळी फोनवर मी काय बोलणार आणि तू काय ऐकणार. म्हणून पत्र. चौथीच्या पुढे शाळा नाही, जे येतं ते पुस्तकं वाचून आलेलं. सांभाळून घे.

तू सांगितलेलं सगळं माझ्या ध्यानात आहे. मुंगी पलंगावरून पडली, कपाळाला टेंगूळ आलं. दाढ येतेय म्हणून चार दिवस धड जेवलेली नाही. तू चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायला बसलास, तर गिऱ्हाईकाने दाखवलं की तुझ्या पाठीला तिचं लाळेरं चिकटलंय. ते ऐकून मी हसले. तू हसला नाहीस. मग म्हणालास, "आई, मला नाही जमत हे. बाबांनी कधी मला उचलून तरी घेतलं होतं का, की मला यावं? आमच्या रक्तातच नाही ते. मी मुंगीच्या आईला सांगणार आहे, ते एक्स-रेची यंत्रं बसवायचं काम राहू दे आणि परत ये."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी गुडघ्याचं बोलले.


शुक्रवार, दुपार

काल इथेच थांबले. आज जेवण उरकून बसले आहे.

तू लहान होतास तेव्हा मी शर्टाच्या कारखान्यात होते हे तुला माहीत आहे. कॉलर ही माझी खासियत. शिवलेली कॉलर उलटवून तिची टोकं काढायची असतात, दोन्ही सारखी, कापड न फाटू देता. ते माझ्यासारखं कुणाला जमायचं नाही. कारखान्याने दुसऱ्या गावी नवीन शाखा काढली, तिथल्या मुलींना शिकवायला एक बाई हवी होती. त्यांनी मला विचारलं. तू दीड वर्षाचा होतास. मी कुणी ढकललं म्हणून गेले नाही, मला जायचं होतं. चाळीस मुली मला "बाई" म्हणणार, याचा आनंद आदल्या रात्रीपासून पोटात मावत नव्हता. तुझ्या बाबांना विचारलं तर म्हणाले, "जा की. मी आणि हा बघतो काय ते."

एकेचाळीस दिवस. त्या एकेचाळीस दिवसांत तुला तुझ्या बाबांनी एकट्याने सांभाळलं. दुसरं कुणी नव्हतं घरात.

हे तुला मी कधी सांगितलं नाही. त्यांनीही नाही. ते का बोलले नाहीत, ते पुढे येईल.

ते तेव्हा गावातल्या पंपघरात होते, आपल्या घरापासून दहा मिनिटांवर. तीन मोटारी, दर तासाला दाब बघून वहीत लिहायचा, वेळेवर पाणी सोडायचं. तुला कुठे ठेवणार? त्यांनी तुला बरोबर नेलं. नव्या व्हॉल्व्हचं एक मोठं लाकडी खोकं आलं होतं, त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, आत गोधडी घातली आणि ते काचेच्या केबिनमध्ये ठेवलं. बाहेरच्या माणसाला आत न्यायला बंदी होती, मूल तर सोडाच. पण त्यांचे जोडीदार लंबूभाऊजी भला माणूस. ते म्हणाले, "मला काही दिसत नाही, माझी नजर उंचावर असते." आणि रोज तुझ्यासाठी खिशातून एक बिस्किट आणायचे.

मी परत आले तेव्हा तू मला बघून बाबांच्या पायामागे लपलास.

मुलं असं करतात. सूनबाई येईल तेव्हा मुंगीही करेल. सगळ्या बाया मला हेच सांगत होत्या, दोन दिवस जाऊ देत म्हणून. पण माझं डोकं जागेवर नव्हतं. मी भात भरवायला गेले तर तू तोंड फिरवलंस. तुझे बाबा म्हणाले, "अगं, चमचा आधी आपण चाखून दाखवायचा. मग त्याला विश्वास बसतो."

"माझ्यावर विश्वास नाही त्याचा?"

"चमच्यावर नाही. तू बस जरा, दमून आलीस."

"मी पाहुणी आहे का इथे?"

ते हसले. म्हणाले, "आजचा दिवस आहेस."

त्यांनी चेष्टा केली होती. आज मला ते कळतं, तेव्हाही कळलं असेल. पण मी ती चेष्टा गिळली आणि ती तशीच आत राहिली.

तुला झोपवायला घेतलं तर तू रडून लाल झालास. घर तुला फार शांत वाटत होतं. तुझ्या बाबांनी तुला छातीवर घेतलं आणि ओठ मिटून मोटारीसारखा आवाज काढायला लागले, घरघर घरघर, एका सुरात. मोठा माणूस, आणि पंप होऊन बसलेला. तू पाच मिनिटांत झोपलास. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगाच पुन्हा घासली.

वर लिहिलेली सकाळ ही त्याच्या दुसऱ्या दिवशीची. अकरा दुपट्यांची. तू माझ्याजवळ राहीनास, म्हणून ते तुला अजून बरोबरच नेत होते.

त्या दुपारी मी पंपघरावर गेले. काचेतून बघितलं. तू खोक्यात झोपला होतास, हात डोक्यावर टाकून, आणि ते एका हाताने वहीत आकडे लिहीत होते, दुसरा हात खोक्याच्या कडेवर. लंबूभाऊजींनी मला बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. "वहिनी, हळू. मोठे साहेब झोपलेत." मी आत गेलेच नाही. तशीच परत फिरले.


शनिवार

पुढचं तुला माहीत आहे, पण तुला वाटतं तसं नाही.

त्याच आठवड्यात तुझ्या बाबांना मेमो मिळाला आणि बदली झाली, वर तलावाकाठच्या पंपघरावर, जिथून घरी यायला अर्धा दिवस लागायचा. शनिवारी उशिरा यायचे, सोमवारी पहाटे जायचे. अशी अकरा वर्षं. तू त्यांना "रविवारचे बाबा" म्हणायचास. मोठा झाल्यावर तू एकदा म्हणालास की त्यांना घर नको होतं म्हणून त्यांनी लांबची नोकरी मागून घेतली. मी तेव्हा ताटं वाढत होते. मी वाढत राहिले. त्यांनी ऐकलं, पण ते काही बोलले नाहीत, कारण मेमोची त्यांना लाज वाटायची. "कामावर मूल आणतो" म्हणून सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली होती त्यांनी. घरी येऊन एवढंच म्हणाले, "कुणीतरी सांगितलं."

त्यांना वाटलं, लंबूभाऊजींनी सांगितलं. दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं ना. त्यानंतर तीस वर्षं ते त्या माणसाशी बोलले नाहीत. रस्त्यात समोरून आले तर हे पलीकडच्या बाजूला जायचे. लंबूभाऊजींनी दोनदा घरी येऊन बघितलं, दोन्ही वेळा मी चहा केला आणि तुझे बाबा बाहेर आले नाहीत. चार वर्षांपूर्वी बाबांना न्यायची वेळ झाली तेव्हा तू विचारलंस, फाटकाशी तो उंच म्हातारा कोण उभा आहे, आत का येत नाही. मी म्हटलं, ओळखीचे आहेत कामावरचे.

नळाला पाणी आलं की मी अजून घड्याळ बघते. पाच मिनिटं उशीर झाला की मनात येतं, नवीन माणूस दिसतोय. मग त्यांची आठवण येते, आणि आठवण आली की तो फाटकाशी उभा असलेला माणूस येतोच. चार वर्षांत तुझे बाबा एकदाही आठवणीत एकटे आले नाहीत.

मी दोनदा तुझ्याकडे यायला पिशवी भरली आणि दोन्ही वेळा रिकामी केली. मला मुलं सांभाळायला येतात, नानू. मी आले तर दोन दिवसांत मुंगी माझ्या हातून जेवेल, माझ्याजवळ झोपेल. तू हुश्श करशील, दुकानात जाशील, आणि संध्याकाळी "आई, हिला भूक लागलीय का गं?" असं मला विचारशील. मला स्वतःची भीती वाटते. माझ्या हाताला ती सवय आहे.

सूनबाईला परत बोलावू नकोस. पाच आठवडे राहिलेत. ती दवाखान्यांत यंत्रं बसवतेय, तिथल्या लोकांची हाडं त्यात दिसणार आहेत. तिला ते जमतं, तर तिला करू दे. आणि ती आल्यावर मुंगी तुझ्या पायामागे लपली, तर हसू नकोस. सूनबाईला चमच्याचं सांग, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी सांगू नकोस.

रक्तात नाही म्हणालास. तुझ्या बाबांनी एकेचाळीस दिवस केलं, मोटारींच्या आवाजात, नोकरी धोक्यात घालून, आणि तू त्यांच्या हाताखाली गुबगुबीत झाला होतास. तुझ्यात जे काही आहे ते तिथून आलं असेल. त्यांना ते पुढे करू दिलं असतं तर तुला आज मला विचारावं लागलं नसतं.

हे वाचून मला बोलवायचं की नाही ते तू ठरव. बोलावलंस तर येईन, कपडे धुवेन, भांडी घासेन, तू आंघोळ करून येईपर्यंत मुंगीपाशी बसेन. भरवायचं तूच. नाही बोलावलंस तरी मला समजेल. हे पत्र पेटीत टाकलं की मी लंबूभाऊजींकडे जाणार आहे. त्यांना लिहून भागणार नाही, समोर बसून सांगायचं आहे.

पंपघरात मूल असणं धोक्याचं होतं, हे खरं आहे. इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगितलं. पण मी धोक्यासाठी गेले नव्हते. साहेब दम देतील, खोकं घरी येईल, तू माझ्याकडे येशील, एवढाच माझा हिशोब होता. बदलीचं माझ्या मनातही नव्हतं. पुस्तकांत माणसं असं काही कबूल करतात तेव्हा त्यांना चांगले शब्द सापडतात. मला सापडत नाहीत, म्हणून जे केलं तेवढंच लिहिते.

पंपघरावरून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, ते तुला खांद्यावर घेऊन कामाला गेल्यावर, मी केस विंचरले, धुतलेले कपडे घातले आणि चालत पाणी खात्याच्या ऑफिसात गेले. पंपघरात रोज एक लहान मूल असतं, असं साहेबांना सांगितलं. कुणाचं, म्हणून त्यांनी विचारलं. मी तुझ्या बाबांचं नाव सांगितलं. मी कोण, ते सांगितलं नाही.

जशी आहे तशी,
तुझी आई