सहीला पितृपक्ष

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळ
लोअर परळच्या पॅकेजिंग कंपनीत सिलेक्शन झालं. सात महिने घरी बसलो, संपलं एकदाचं. एचआरच्या नूपुर मॅडम म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत आधीच्या मालकाचं अनुभवपत्र आणा, नाहीतर दुसऱ्या कॅन्डिडेटला बोलावतो. सोपं आहे. गिरगावात अप्पांच्या प्रेसवर नऊ वर्षं लग्नपत्रिका छापल्या. सोडताना थोडी चर्चा झाली होती, टेबल उलटलं होतं. म्हणजे मीच उलटवलं, पण त्याचा पाय आधीच ढिला होता.
संकल्प : आवाज चढवायचा नाही.

संध्याकाळ
अप्पा म्हणाले, देतो की, पण आजपासून पितृपक्ष. पंधरा दिवस नव्या कागदावर सही करत नाही, वडिलांपासूनची रीत आहे, घटस्थापनेला ये. खुन्नस, दुसरं काय! मी एक शब्द बोललो नाही. निघताना शटरला फक्त एक ठोसा दिला. बोटं सुजलीत. शटरलाही पोचा आलाय.

बुधवार, १०
पुन्हा गेलो. शांतपणे समजावलं. समजावता समजावता अप्पांची कॉलर हातात आली. कागद कापायच्या मशीनवरचा चिंतामणी मध्ये पडला. त्याला जरा बाजूला केलं तर थेट पत्रिकांच्या गठ्ठ्यात. उठून त्याने माझ्या थोबाडात दिली. नऊ वर्षं एका डब्यातलं जेवलो आम्ही! मी त्याचा शर्ट फाडला तो निव्वळ स्वसंरक्षणासाठी.
बायकोने, मानसीने विचारलं, ओठ कसा फुटला. प्रेसचा दरवाजा लागला म्हटलं. ती म्हणाली, दरवाजाने अंगठी घातली होती का. बाई हुशार, पण तिला ऑफिस पॉलिटिक्स कळत नाही. बिचारी सात महिने डबल ड्युटी करतेय. तिच्यासाठीच तर चाललंय हे.

गुरुवार, ११
आज कुठे गेलो नाही. प्राणायाम. चौथ्या मिनिटाला शेजाऱ्याने मिक्सर लावला. बादली फुटली.

शुक्रवार, १२. दुपार
पेढे घेऊन गेलो. गोड बोलायचं ठरवलंच होतं. अप्पा फोनवर. मान न वळवता हाताने थांब म्हणाले. मला थांब? बॉक्स भिरकावला, ट्यूबलाइट फुटली. स्टूल उचललं. म्हटलं, म्हाताऱ्या, सही कर, नाहीतर हात मोडून हातात देईन.
अप्पांनी फोन खाली ठेवला. म्हणाले, तुझ्या नूपुर मॅडम होत्या. सहीला पितृपक्ष, तोंडाला नाही, म्हणून मीच नंबर शोधून फोन लावला. सांगत होतो, कामाला वाघ आहे, नऊ वर्षांत कुणाला अरे-तुरे केलं नाही.
स्टूल खाली ठेवलं. चिंतामणी गुपचूप काचा गोळा करत होता.
चार वाजता मॅडमचा मेल. दुसऱ्या कॅन्डिडेटला बोलावलंय. मला ऑल द बेस्ट लिहिलंय.

रविवार, १४
अप्पांचा फोन. म्हणाले, तुला बाहेर कोण ठेवणार, घटस्थापनेपासून ये परत. मी म्हटलं, विचार करतो, आणि त्याच दमात हो म्हटलं. त्यांची अट एकच. घरच्या माणसाने लिहून द्यायचं, की हा शांत आहे, कुणावर हात उचलत नाही.
लगेच मानसीसमोर कागद-पेन ठेवलं. मजकूरही मीच सांगितला. फक्त सही करायची होती.
तिने पेनाचं टोपण लावलं. म्हणाली, विचार करून सांगते.
दोन तास झाले. अजून करतेय.