रविवारपर्यंत सही करू नका

अल मनखूल, दुबई
गुरुवार, १२ नोव्हेंबर २००९

प्रिय बाबा,

देवदत्तकाका चार वाजता येतील आणि तुमचे कपडे घेऊन जातील. दोन शर्ट, लुंगी, टॉवेल आणि बीपीच्या गोळ्या आहेत. हे पत्र मी राखाडी शर्टाच्या खिशात ठेवते आहे. काका म्हणाले, कोठडीवरचा शिपाई कागद उघडून बघतो, मराठी दिसलं की परत घडी घालून ठेवतो. म्हणून मोकळेपणाने लिहिते. आधी मुद्द्याचं. ते रोज तुमच्यापुढे जो अरबी कागद ठेवतात, त्यावर रविवारपर्यंत सही करू नका. कोणी कितीही गोड बोललं, विमानाचं तिकीट दाखवलं, शेजारच्या माणसाने केली म्हणून सांगितलं, तरी करू नका. रविवारी दहा वाजता कोर्टात तुमचं नाव पुकारणार आहेत.

परवा फोनवर तुमचा आवाज ऐकला आणि मी घाबरले. इतके दिवस तुम्ही विचारायचात, इरा जेवली का, आई झोपते का. परवा काहीच विचारलं नाहीत. म्हणालात, पर्णी, खलास झालं गं, सही करतो आणि मालवणला जातो, तुम्ही मागून या. दोन मिनिटं संपली, फोन बंद. आईने विचारलं काय म्हणाले, तर मी सांगितलं, बरे आहेत. तिला खरं सांगायची हिंमत झाली नाही.

घरात सगळे हळू बोलतात. आईने दारावरच्या बेलवर चिकटपट्टी लावली आहे. लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबली की इरा पुस्तक मिटते आणि पावलं कुठल्या बाजूला जातात ते ऐकत बसते. काल मला म्हणाली, ‘ताई, आर वी इल्लीगल?’ मी नाही म्हणाले. पण आम्हा तिघींचे व्हिसा तुमच्यावर आहेत, आणि तुमचा व्हिसा आहे की नाही हे तीन ऑफिसांत तीन वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतात. मंगळवारी मी तुम्हाला भेटायला निघाले होते. टॅक्सीने तिथल्या फाटकापर्यंत गेले. पहारेकरी म्हणाला, कार्ड दाखव. मी पर्स उघडली आणि मला वाटलं, याने माझा नंबर मशीनमध्ये घातला आणि माझंही नाव लाल झालं तर? पर्स बंद केली आणि मागे फिरले. जाऊन-येऊन पंच्याऐंशी दिरहम झाले. आई त्या अवस्थेतही म्हणाली, म्हणजे हजारावर गेले की, आणि भेट नाही ती नाहीच. बाबा, तुम्ही भिंतीच्या आत होतात आणि मी बाहेरून परत आले, याबद्दल मला क्षमा करा.

तुम्हाला आत कोणी काही सांगत नसेल, म्हणून इथे काय झालं ते लिहिते. तुम्हाला पकडलं त्या दिवशी तुमच्या खिशात कंपनीवरच्या आपल्या केसमधला कोर्टाचा कागद होता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो मीच दिला होता, आणि मोठ्या ऐटीत म्हणाले होते, हा असेपर्यंत तुम्हाला कोणी हात लावू शकत नाही. तुम्ही हसून म्हणालात, बरं वकीलसाहेब. खाडीवर आबऱ्याच्या होड्या लागतात त्या धक्क्यावर इमिग्रेशनच्या माणसांनी कागद बाजूला ठेवला आणि कार्डाचा नंबर मशीनमध्ये घातला. मशीन म्हणालं, हा माणूस कंपनीतून पळून गेलेला आहे. खलास. कोर्टाने लिहिलेलं कागदावर राहिलं आणि मशीनने म्हटलेलं खरं झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी तो एकच कागद घेऊन तीन खिडक्यांपुढे उभी राहते आहे. कोर्ट म्हणतं, केस चालू असेपर्यंत या माणसाला देशाबाहेर पाठवायचं नाही, आमचा हुकूम स्पष्ट आहे. इमिग्रेशन म्हणतं, पळालेल्याला परत पाठवणं हे आमचं काम, देशभराचं काम, कोर्टाने आम्हाला विचारलं नव्हतं. आणि पळाल्याची नोंद तर कंपनी ज्या फ्री झोनमध्ये आहे त्यांनी केली आहे, त्यांनी काढली तर आम्ही सोडू. फ्री झोनवाले म्हणतात, व्हिसा आम्ही दिला हे खरं, पण आम्ही एकट्या दुबई अमिरातीचं खातं आहोत, इमिग्रेशनच्या नावाचा हुकूम आम्हाला लागू नाही, आमच्या नावाने आणा किंवा कंपनीला अर्ज करायला सांगा. कंपनीच्या फाटकाला मार्चपासून कुलूप आहे, उत्तरं तेवढी वकिलामार्फत येतात. प्रत्येक खिडकीत त्या कागदाच्या मागे ‘मिळाला’ असा शिक्का मारून देतात. आता मागे सहा शिक्के झाले आहेत. फ्री झोनचा कारकून चांगला आहे बिचारा. मला म्हणाला, ‘सिस्टर, यू आर एज्युकेटेड, यू अंडरस्टॅंड.’ मी मान हलवली. खरं तर मला काहीच कळलं नव्हतं. नागरिकशास्त्रात मला पैकीच्या पैकी मिळायचे, बाबा. न्यायाधीशाने लिहिलं की ते सरकारला बांधील असतं, हे मी पाठ केलं होतं. एक सरकार दुसऱ्या सरकारला ओळख देत नाही असं त्या पुस्तकात कुठे नव्हतं.

तुम्हाला वाटत असेल, एवढी धडपड कशाला, गेलो घरी तर काय बिघडलं. सही केलीत तर त्या कागदाचा अर्थ असा होतो की तुम्ही पळालात हे तुम्हाला मान्य आहे. मग केस उरत नाही, बोटांचे ठसे घेतात आणि परत येणं बंद. सतरा वर्षं तुम्ही त्या वर्कशॉपात फोरमन होतात. फाटक उघडायच्या आधी तुम्ही पोहोचलेले असायचात, आणि वेल्डिंगची पोरं म्हणायची, धुरीसाहेब आले, यल्ला, चहा खाली ठेवा. मार्चमध्ये मॅनेजर तोंडी म्हणाला, काम आलं की फोन करतो, तोपर्यंत घरी बसा. पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत होते, तुम्ही विश्वास ठेवलात. रोज फोन चार्ज करून छातीशी घेऊन बसायचात, बाथरूमला जाताना माझ्या हातात द्यायचात. असा माणूस पळाला, ही नोंद कायमची राहावी, हे मला सहन होत नाही. मालवणात कोणी विचारणार नाही, तुम्ही म्हणाल. पण तुम्ही स्वतःला विचाराल. मला तुम्ही माहीत आहात.

आता ज्या गोष्टीसाठी पत्र लिहायला बसले तिच्याकडे येते. दोनदा पान फाडून झालं आहे.

पहिल्याच फोनवर तुम्ही म्हणाला होतात की आत तुम्हाला सांगितलं, घरच्या पत्त्यावरून कोणीतरी लिहून दिलं आहे, हा माणूस इथे नाही म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, हे सुलेमानचं काम, त्याला हा दोन कुटुंबांचा फ्लॅट एकट्याला हवा आहे, त्याच्या बिलकीसशी जपून बोल. आईने तेव्हापासून बिलकीसचाचीशी बोलणं टाकलं. एकाच स्वयंपाकघरात दोघी पाठ करून उभ्या असतात. चाचीने सोमवारी सांदणं केली, रत्नागिरीच्या पद्धतीची, तुम्हाला आवडतात तशी, आणि ताट मधल्या पडद्याशी आमच्या बाजूला ठेवलं. आईने ते तसंच परत ओट्यावर नेऊन ठेवलं. चाची म्हणाली, कुमुदवहिनी, साप निघालाय का त्यात? मी बघत होते आणि गप्प होते, कारण त्याच्या आदल्या दिवशी मला खरं कळलं होतं.

रविवारी वकिलांच्या ऑफिसातल्या साजिदा मॅडमनी कंपनीचं उत्तर माझ्यापुढे ठेवलं. त्याला एक अरबी फॉर्म जोडला आहे, जुलैतल्या तारखेचा. मॅडमनी तळाशी बोट ठेवून विचारलं, ‘बेटा, ये किसकी साइन है?’ सही माझी आहे, बाबा. तुम्हाला आठवत असेल, फ्लॅट सुलेमानचाचांच्या नावावर, दोन कुटुंबं एकत्र राहायची बंदी, म्हणून म्युनिसिपालिटीची माणसं आली तर काय सांगायचं ते तुम्ही आम्हाला शुक्रवारच्या चहाला घोकून घ्यायचात. आम्ही पाहुण्या, चार दिवसांसाठी आलोय, बाबा इंडियाला गेलेत, कधी येतील माहीत नाही. इरा पोपटासारखी म्हणायची, ‘डॅड इज इन इंडिया, अंकल.’ मी वाद घालायचे, खोटं कशाला बोलायचं म्हणून, आणि तुम्ही म्हणायचात, पदवी मिळाली की खरं बोल, तोवर भाडं वाचव. त्या दुपारी तुम्ही कटिंगला गेला होतात. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल घेतलेला माणूस आला. त्याने तुमचं नाव विचारलं. मला वाटलं, तपासणी. मी सगळं बिनचूक म्हटलं, एकही शब्द न अडखळता. त्याने अरबीत काहीतरी लिहिलं आणि पेन पुढे केलं. निकाल लागून तीन आठवडे झाले होते. मी पूर्ण नाव लिहिलं, पर्णिका आत्माराम धुरी, आणि पुढे स्वल्पविराम देऊन बी.कॉम. आपल्या घरात असं लिहिणारी मी पहिली होते आणि मला ते कुठेतरी लिहायचंच होतं. तो म्युनिसिपालिटीचा नव्हता, कंपनीचा होता. साजिदा मॅडम म्हणाल्या, शिकलेल्या मुलीने लिहून दिलं आहे, म्हणून त्यांनी ते सगळ्यात वर लावलं आहे. संध्याकाळी तुम्हाला सांगितलं होतं की तपासणीवाले येऊन गेले, मी निभावलं. तुम्ही माझ्यासाठी फालूदा आणलात.

बिलकीसचाचीला मी मंगळवारी सांगितलं, त्या फाटकावरून परत आल्यावर. कोर्टात खरं सांगायचं म्हणजे तुम्ही इथेच राहत होतात हे सांगायचं, आणि मग दोन कुटुंबं एका घरात होती हे आपोआप बाहेर येतं. भाडेपट्टा त्यांचा, दंड त्यांना, घर त्यांचं जाणार. ती म्हणाली, तुझ्या बापाने माझ्या नवऱ्याला चोर ठरवलं आणि मी त्याच्यासाठी घर सोडू? मग काल दिवसभर तिचं दार बंद होतं. आज सकाळी उठले तर सुलेमानचाचा स्टुलावर चढून मधला पडदा काढत होते आणि चाची भांडी कागदात गुंडाळत होती. शारजाला तिच्या नणंदेकडे जाताहेत, शनिवारी. तू काय ते खरं सांग, दंड यायचाच असेल तर येईल, पण बाहेर काढायला माणसं आली तर आमची बाजू रिकामी सापडेल, एवढंच तिने सांगितलं. रागावलेली आहे अजून. मला म्हणाली, बापाला लिही, बाहेर आलास की आधी सुलेमानची माफी माग, मग घरी जा. आईला मी आत्ता जेवताना सांगितलं. ती उठून चाचीच्या डब्यांना दोरी बांधायला गेली. दोघी अजून बोलत नाहीत, पण एकीने धरायचं आणि दुसरीने गाठ मारायची असं चाललं आहे.

रविवारी तुम्हाला कोर्टात आणणार आहेत. मी तिथे असेन. न्यायाधीशांना मी सांगणार आहे की ती सही माझी, लिहिलेलं खोटं, आणि माझे वडील त्या दिवशी आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी याच घरात फोनची वाट बघत होते. खोटं लिहून दिल्याबद्दल माझं काय करतील, हे साजिदा मॅडमना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, इन्शाल्ला काही नाही. म्हणजे त्यांनाही माहीत नाही. मला फार भीती वाटते, बाबा. तुम्ही सही करून निघून जाल तर मला उभं राहावं लागणार नाही, हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. परवा रात्री तेच मनात आलं, म्हणून तुम्हाला हे सगळं लिहून टाकते आहे. आता तुम्हाला माहीत आहे, आता मला मागे फिरता येणार नाही. हे वाचून तुमच्या मनात काय येईल तेही मला ठाऊक आहे. पोरीला यातून काढायचं, द्या इकडे कागद. तसं करू नका. आणि मी उभी राहिले की तुम्ही तिथून माझ्याकडे बघून मान हलवू नका. तुम्ही नको म्हणालात तर मला एक शब्द बोलता येणार नाही.

तुमचीच,
पर्णी