न विचारता नेलेली मांजर

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जनावरांच्या दवाखान्यात तू तीस वर्षं मलमपट्ट्या केल्यास, म्हणून ही बातमी सगळ्यांत आधी तुला. मी एक मांजर सोडवली! आमच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यासमोर एका शिंप्याचं दुकान आहे. ते पाच दिवस बंद होतं आणि काचेआड ही कापडाच्या गठ्ठ्यावर बसलेली. बरगड्या मोजून घ्याव्यात, पाठीवर केसांच्या गाठी, वाटीत पाण्याचा थेंब नाही. सहाव्या दिवशी माझा धीर सुटला. मागची खिडकी नुसती लोटलेली होती. हात घातला, प्लास्टरच्या रिकाम्या खोक्यात तिला बसवलं आणि चालू पडले.

माझ्या खोलीत मांजर ठेवू देत नाहीत, म्हणून माझ्या शेजारी बसून कवळ्यांना पॉलिश करणाऱ्या ताईंकडे दिली. त्यांची सात वर्षांची लेक तिला ‘राणीसाहेब’ म्हणते. गाठी कापाव्यात की विंचराव्यात, ते कळव. आणि जरा शाबासकीही दे, कंजूषपणा करू नकोस.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
तुरतुरी

९ मार्च

चि. तुरतुरीस,
अ. उ. आ.

गाठी कापू नका, कातडीही त्यात येते. बोटांनी थोड्या थोड्या सोडवा. शाबासकी अर्धी देते. तहानलेल्या जिवाला बाहेर काढलंस, चांगलंच केलंस. उरलेल्या अर्धीसाठी माझे प्रश्न आहेत, आणि मी प्रश्न सुरू केले की आमचे डॉक्टरसुद्धा कामाचं निमित्त काढून उठायचे, हे तुला ठाऊक आहे.

मांजरीचं वय किती? दिवसभर दातच घडवतेस, मग तिचे पाहायला काय झालं होतं? म्हातारी मांजर पोटभर खाऊनही वाळते, आणि स्वतःची पाठ चाटणं जमेनासं झालं की गाठी होतात. पुढच्या पायावर केस भादरलेला चौकोन आहे का? असला, तर तिचं रक्त कुणीतरी नुकतंच तपासून घेतलंय. आणि खिडकीत चिठ्ठी ठेवली होतीस का? आमच्याकडे लोक ‘बेवारशी’ म्हणून मांजरं आणायचे आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी रडवेल्या चेहऱ्यानं दारात उभं असायचं.

सविस्तर लिही. आळस नको.
तुझी आत्या

१५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चौकोन आहे. दात चारच उरलेत. चिठ्ठी ठेवली नव्हती. सुचली नाही, की सुचू दिली नाही, कोण जाणे.

शिंपी परत आलेत. त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. शेजारच्या कुलूपवाल्याकडे किल्ली देऊन गेले होते, तो दोन दिवस आला आणि मग विसरला. हे त्यांनीच सांगितलं, कारण पोट धरून दारोदार विचारत ते आमच्याकडेही आले होते. मांजरीचं नाव टाचणी, वय सतरा. रोज सकाळी अर्धी गोळी लागते म्हणे. आत्या, मी हातातली कवळी घासत राहिले आणि पाहिली नाही म्हणून सांगितलं. ताईही गप्प बसल्या.

ताई म्हणतात, ज्याला नीट सोय लावून जाता येत नाही त्याला परत द्यायची नाही. ताईंकडे टाचणीचं अंग भरतंय. शाळेतून आल्यावर एकटी असणारी ती पोर तिला मांडीवरून उतरवत नाही. नेमकी कुणाची म्हणायची ती?

तुझीच,
तुरतुरी

२० मार्च

चि. तुरतुरीस,
अ. उ. आ.

आधी गोळी सुरू करा, वाद नंतर. लक्षणांवरून कोणती गोळी असावी, तिचं नाव सोबत लिहून दिलंय, पण तिथल्या डॉक्टरांना दाखवूनच द्या.

एकदा एक वाळकी मांजर मीच परस्पर चांगल्या घरी दिली होती. मालकीणबाई न्यायला आल्या तेव्हा मेली म्हणून सांगितलं. मांजर पुढं सुखात राहिली. माझं चुकलं की बरोबर होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या बाई तिथंच पायरीवर बसल्या, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. टाचणी कुणाकडे राहावी ते मी सांगणार नाही. ती जिवंत आहे एवढं मात्र त्या माणसाला उद्याच सांग.

काळजी करणारी,
आत्या

२८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. दुपारच्या सुट्टीत गेले. शिंपी बाहीवर खडूनं खुणा करत होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, खोटं बोलल्याचंही. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? गोळी चालू आहे का. परवापासून आहे म्हटल्यावर मग भडकले. वाळलेली दिसते म्हणून तुमच्या आईला कुणी खिडकीतून उचलून नेलं तर चालेल का, म्हणाले.

संध्याकाळी त्यांना ताईंकडे नेलं. टाचणीनं एक डोळा उघडला, पोरीच्या मांडीवरून उतरली आणि सरळ जाऊन त्यांच्या पावलावर बसली. मला वाटलं, झाला निकाल. पोरगी रडली नाही. टाचणीला दुखतंय हे कसं ओळखायचं, एवढंच तिनं विचारलं. ते जमिनीवर बसले, कान कसे मागे पडतात ते दाखवलं, लोण्यात गोळी कशी लपवायची तेही. मग त्यांनी सांगितलं, पुढच्या महिन्यात त्यांची आणखी एक शस्त्रक्रिया आहे. टाचणीला तिथंच ठेवून ते उठले. ताईंनी आभार मानले, तर माझ्याकडे पाहून म्हणाले की यांनी नेली ती गोष्ट वेगळी, मी ठेवतोय ती वेगळी.

दारात थांबून त्यांनी पोरीला विचारलं, दर रविवारी हिला बघायला आलो तर चालेल का? आत्या, स्वतःच्या मांजरीला भेटायची परवानगी त्यांनी सात वर्षांच्या पोरीकडे मागितली, आणि ती हो म्हणेपर्यंत चपला न घालता उभे राहिले.

रागावली असशील तर तेही लिही, पण लोभ कमी करू नकोस.
तुझी तुरतुरी